दोघांनी एकाच वेळी जागू नका

तुमचं बाळ २६ दिवसांचं आहे. रात्री ते दर दीड-दोन तासांनी उठतं, बायको पाजते आणि तुम्ही शेजारी बसून राहता, कारण तिने एकटीने जागावं हे तुम्हाला पटत नाही. दिवसा दोघंही झोपेत चालल्यासारखे वावरता. परवा गॅस बंद करायचा राहिला. काल एका क्षुल्लक गोष्टीवरून दोघांत कडाक्याचं भांडण झालं. दोन आठवड्यांनी तुम्हाला कामावर रुजू व्हायचंय, तेही स्वतः गाडी चालवत जाऊन. आणि तुम्ही विचारता आहात की बाळाला रात्री झोपायचं वळण कधी आणि कसं लावायचं.

मी २४ वर्षं नवजात बाळांसोबत काम करते आहे. आधी रुग्णालयातल्या नवजात कक्षात, आणि गेली ११ वर्षं आई-बाळ घरी गेल्यावर त्यांना भेटायला जाणारी नर्स म्हणून. तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर छोटं आहे: इतक्या लहान बाळाला झोपेचं वळण लागत नाही, आणि लावायच्या भानगडीत पडूही नये. पण एवढ्यावर थांबले तर तुमच्या हाती काहीच लागणार नाही. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला त्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचं वाटलं: ‘आम्ही दोघंही एकत्र उठतो.’ हे तुम्ही प्रेमापोटी करताय, ते मला दिसतंय. पण त्यामुळे घरात एकही माणूस झोपलेला राहत नाही. बाळाची झोप पुढचे दोन महिने तुमच्या हातात नाही. तुमची दोघांची झोप मात्र बरीचशी हातात आहे, आणि मी तिच्याबद्दलच लिहिणार आहे.

आधी बाळाचं थोडक्यात सांगते, म्हणजे त्याच्यावरचा राग किंवा स्वतःवरचा संशय तरी जाईल. पहिल्या तीन महिन्यांत बाळ २४ तासांत साधारण १४ ते १७ तास झोपतं. म्हणजे ते कमी झोपत नाही, तुकड्यातुकड्यांत झोपतं. त्याच्या झोपेचं एक चक्र ५० ते ६० मिनिटांचं असतं आणि त्यातला जवळपास निम्मा वेळ ती झोप चाळवलेली असते. पोट लहान, दूध लवकर पचतं, म्हणून २४ तासांत ८ ते १२ वेळा पिणं हे या वयाला अगदी रीतसर आहे. आणि दिवस कुठला, रात्र कुठली हे शरीराला सांगणारं आतलं घड्याळ साधारण दोन ते तीन महिन्यांच्या सुमाराला चालू लागतं. तोवर त्याच्या लेखी रात्रीचे तीन आणि दुपारचे तीन सारखेच. दिवसा खोलीत भरपूर उजेड आणि घरातले नेहमीचे आवाज, रात्री मिणमिणता दिवा आणि कमीत कमी बोलणं, एवढं केलंत तर त्या घड्याळाला मदत होते. याच्या पलीकडे आत्ता करण्यासारखं काही नाही.

इथे एक अट आहे, आणि ती मी प्रत्येक घरात आधी तपासते. पुढचं सगळं लागू पडतं ते बाळ नीट वाढत असेल तरच. जन्मानंतर थोडं वजन उतरतं, ते १० ते १४ दिवसांत परत भरून आलेलं असावं. त्यानंतर दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ, आणि २४ तासांत निदान ६ वेळा व्यवस्थित ओलं होणं. तुमच्या बाळाचं हे सगळं ठीक आहे असं मी धरून चालते. वजन अडलं असेल, बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, पिताना सारखं गळून झोपत असेल, कावीळ अजून रेंगाळली असेल, तर किती अंतराने पाजायचं हे बाळाच्या डॉक्टरांनी सांगायचं, मी इथून सांगायचं नाही. अशा बाळाला लांब झोपू देणं हे त्याच्या भल्याचं नसतं.

आता तुमच्या झोपेकडे येते. मी भेटीला जाते तेव्हा बाळाला बघण्याआधी घरातल्या मोठ्यांना एक प्रश्न विचारते: गेल्या २४ तासांत तुमची सगळ्यात लांब सलग झोप किती झाली? ‘एकूण किती झोपलात’ असं मी विचारत नाही. एकूण बेरीज फसवी असते. अमेरिकेत हॉली मॉन्टगोमेरी-डाउन्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बाळंतपणानंतरच्या पहिल्या चार महिन्यांत आयांची रात्रीची झोप मोजली, तर ती सरासरी ७.२ तास भरली. आकडा ऐकून कोणालाही वाटेल, मग तक्रार कशाची? पण ती झोप इतकी तुटलेली होती की तिचा उपयोग ७ तासांच्या झोपेसारखा होतच नव्हता. मोठ्या माणसाच्या झोपेचं एक चक्र सुमारे ९० मिनिटांचं. डोळा लागून तासाभरात पुन्हा उठायचं असेल तर ते पुरं होत नाही, आणि पुन्हा आडवं झाल्यावर लगेच झोप लागेल याचीही खात्री नाही. दोन तासांचे चार तुकडे आणि सलग चार तास यांत माझं माप सलग चार तासांच्या बाजूने झुकतं. सलग चार-पाच तास झोपलेली आई सकाळी माझ्याशी बोलते तेव्हा तिची वाक्यं पुरी होतात. तुटकी झोप झालेली आई मधेच थांबून मलाच विचारते, ‘मी काय सांगत होते?’

म्हणून माझ्या लेखी पहिल्या तीन महिन्यांत एवढंच साधायचं: घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला २४ तासांत एकदा तरी सलग चार ते पाच तास झोप मिळाली पाहिजे. बाकीची झोप तुकड्यांत आली तरी माणूस निभावून नेतो.

ते साधायचा मार्ग म्हणजे पाळ्या लावून, आळीपाळीने जागणं. नवजात कक्षात आम्ही असंच काम करतो. सगळ्या नर्सेस रात्रभर जागत नाहीत. एक जागी असते, दुसरी घरी झोपते, आणि मग बाळांचा ताबा बदलतो. घरात मात्र आईवडील दोघंही अखंड ड्युटीवर असतात, आणि एकमेकांना सोबत केली म्हणजे ओझं हलकं होतं असं त्यांना वाटतं. रात्री तीन वाजता शेजारी पेंगत बसलेल्या माणसाने ओझं हलकं होत नाही. सकाळी थकलेली माणसं तेवढी एकाऐवजी दोन होतात.

तुमच्यासाठी मी रात्रीचे दोन भाग करीन. रात्री ९ ते २ तुमची पाळी, २ ते ७ तिची. ९ वाजता तिने बाळाला पोटभर पाजायचं आणि सरळ जाऊन झोपायचं, जमलं तर दुसऱ्या खोलीत, दार लोटून. दुसरी खोली नसेल तर कानात बोळे घालून, पलंगाच्या लांबच्या कडेला. आईचा कान बाळाच्या प्रत्येक हुंकाराला जागा होतो. त्यामुळे ‘तू झोप, मी बघतो’ असं म्हणून बाळाला तिच्या उशाशीच ठेवलंत तर ती झोपणार नाही. बाळ त्याच्या पाळण्यात, तुम्ही त्याच्या खोलीत.

आता खरा पेच: बाळ अंगावर पितं, मग तुमच्या पाळीत उठलं तर काय? दोन वाटा आहेत, आणि कुठली घ्यायची ते दूध किती नीट जम बसून येतंय यावर ठरतं.

पहिली वाट म्हणजे काढून ठेवलेलं दूध. सकाळी बहुतेकींना दूध जास्त असतं, तेव्हा पाजून झाल्यावर एकदा काढायचं. फ्रीजमध्ये ते चार दिवसांपर्यंत टिकतं, बाहेर साधारण २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास. रात्रीचं एक पाजणं तुम्ही त्यावर भागवायचं. पण एकच. सुरुवातीच्या आठवड्यांत जेवढं दूध रिकामं होतं तेवढंच पुढे तयार होतं, आणि दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं. रोज रात्रीची दोन-तीन पाजणी वगळलीत तर दूध कमी व्हायला लागेल, किंवा छाती दाटून दुखेल, गाठी येतील, ताप भरेल. चार-पाच तासांनी तिला छाती जड झाल्यामुळे आपोआप जाग येईल, तीच तिच्या पाळीची वेळ. वरचं दूध चालू असेल तर हा पेच निम्मा सुटलेला असतो. त्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही.

दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण तिला कुठलंही साधन लागत नाही. बाळ उठलं की लंगोट तुम्ही बदलायचा, बाळ तिच्याकडे न्यायचं, तिने कुशीवर पडल्या पडल्या, दिवा न लावता पाजायचं. तुम्ही तिथेच जागे राहायचं. पिऊन झालं की बाळ उचलून बाहेर आणायचं. ढेकर काढणं, खांद्यावर घेऊन फिरणं, पुन्हा झोपवणं हे सगळं तुमचं. एका पाजण्याला घरात तासभर जातो, पण त्यातली आईच हवी अशी पंधरा-वीस मिनिटंच असतात. उरलेली चाळीस मिनिटं वडील, आजी, मावशी, कोणीही करू शकतं. ती पुरती उठून बसली नाही, दिवा लागला नाही, फोन हातात घेतला नाही, तर बाळ सोडल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत पुन्हा झोपेल. ही पुरी सलग झोप नव्हे, पण तिच्या खूप जवळ जाते.

पाळी बदलताना एक काळजी घ्या. गाढ झोपेतून उठवलेल्या माणसाचे हातपाय हलतात, डोकं मात्र बराच वेळ, कधी कधी अर्धा तास, झोपेतच असतं. उठवल्या उठवल्या त्याच्या हातात बाळ देऊ नका. तोंड धुऊ द्या, पाणी पिऊ द्या, दोन वाक्यं बोलू द्या. मग ताबा द्या आणि तीनच गोष्टी सांगा: शेवटचं कधी प्यायलं, ओलं किंवा शी कधी झाली, ढेकर आला का. आम्ही कक्षात हे कागदावर लिहितो, कारण पहाटेच्या आठवणीवर आमचा भरवसा नसतो. तुम्हीही पाळण्याला एक कागद लटकवा. ‘तू दिलंस की मी दिलं’ यावरून होणारी निम्मी भांडणं त्या कागदाने मिटतात. आणि रात्री ११ ते सकाळी ६ या वेळात एकमेकांच्या चुका काढायच्या नाहीत, एवढं दोघांनी ठरवून टाका. वाद असेल तर सकाळी.

तिला हेही सांगा की तुमच्या पाळीत बाळ तुमच्या पद्धतीने शांत होईल. तुमचं घेणं वेगळं, चाल वेगळी, गुणगुणणं वेगळं. पहिल्या दोन-तीन रात्री बाळ जास्त रडेल आणि आई धावत येईल. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता आधीच सांगून ठेवते. ती आली की ‘तुझं बरोबर होतं, मला जमत नाही’ असं म्हणून बाळ सोपवून देऊ नका. ‘दहा मिनिटं दे’ म्हणा. बापाचा हातही सरावानेच बसतो.

एकट्याने बाळ सांभाळणाऱ्यांना, जुळी असलेल्यांना किंवा जोडीदार रात्रपाळीला जात असलेल्यांना हे वेळापत्रक जसंच्या तसं बसणार नाही. तिथे मी रात्रीचा हट्ट सोडते आणि दिवसातले चार तास मागून घेते. नातलग असो, मैत्रीण असो, शेजारी असो, कोणी ‘काही मदत लागली तर सांग’ म्हणालं की तिथल्या तिथे वार आणि वेळ मागायची: ‘मंगळवारी दुपारी १ ते ५ बाळाला घेशील? मी झोपणार आहे.’ बाळ बघायला येणाऱ्या माणसाला बसवून त्याची सरबराई करत राहण्यात आईची दुपार जाते. त्याच्याकडे बाळ नाहीतर भांडी सोपवावीत. सिझेरियन झालेल्या बाईला तर पहिले काही आठवडे वाकून बाळ उचलणंही जड जातं. तिथे दुसऱ्या माणसाची पाळी ही सवलत नसून गरज असते.

‘बाळ झोपलं की तूही झोप’ हा सल्ला तुम्ही दोघांनीही शंभरदा ऐकला असेल. तो चुकीचा नाही, पण दिवसातल्या आठही झोपांना तो पाळायला गेलं तर माणूस वेडावतो. आंघोळ कधी करायची, कपडे कधी धुवायचे? मी म्हणते, दिवसातली एकच झोप आपल्यासाठी राखून ठेवा, शक्यतो दुपारची. त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत. झोप लागली नाही तरी डोळे मिटून पडून राहा. बाकीच्या झोपांत जे करायचं ते करा.

आणखी एक साधी गोष्ट, जिने कित्येक घरांतली एक-दोन जागरणं वाचली आहेत. त्या चाळवलेल्या झोपेत बाळ कण्हतं, हातपाय झाडतं, तोंड वेडंवाकडं करतं, बारीक रडतंसुद्धा, आणि त्यात ते झोपलेलंच असतं. थकलेले आईवडील पहिल्याच आवाजाला त्याला उचलतात आणि खरोखरच जागं करतात. आवाज आला की जवळ जा, हात लावू नका, मिनिटभर बघा. डोळे मिटलेले असतील आणि आवाज चढत नसेल तर थांबा. भूक असेल तर ते लपत नाही: ओठ चाटणं, मूठ तोंडाकडे नेणं, मान वळवून तोंडाने शोधणं. हे दिसलं की रडण्याची वाट न बघता पाजा. रात्री केवळ ओल्यासाठी दर वेळी लंगोट किंवा डायपर बदलायला हवाच असं नाही. शी झाली असेल, कातडी लाल असेल किंवा कपडे भिजले असतील तर बदला, आणि शक्यतो पाजण्याआधी किंवा मध्येच बदला. पोट भरून पेंगुळलेल्या बाळाला नंतर उघडं केलं की सगळी मेहनत वाया जाते.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत रडणं वाढेल. हे आत्ताच सांगते, कारण तेव्हा तुम्हाला वाटेल की पाळ्या लावून आपण बाळाचं काही बिघडवलं. टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९६२ मध्ये ८० निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. रडणं वाढत वाढत सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत पोचत होतं आणि मग हळूहळू उतरत होतं. बहुतेक संध्याकाळी. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर हे आठवडे ठरलेल्या तारखेपासून मोजायचे. त्या काळात संध्याकाळी ६ ते ९ दोघंही घरात, हाताशी असाल असं बघा. दर वीस मिनिटांनी बाळ एकमेकांकडे द्या. आणि एकटे असताना, रडणं ऐकून हाताची पकड घट्ट व्हायला लागली आहे असं जाणवलं तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, दार लोटा, दहा मिनिटं बाहेर जाऊन उभे राहा. पाळण्यात दहा मिनिटं रडल्याने बाळाला काही होत नाही. रागाच्या भरात गदागदा हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ही वेळ चांगल्या माणसांवरही येते, म्हणून काय करायचं ते आधी ठरवलेलं असावं.

आता या सगळ्यात मला सर्वात जास्त भीती ज्याची वाटते ते. थकलेला माणूस बाळ घेऊन कुठे झोपतो?

माझी मुलगी पाच आठवड्यांची होती. मी तेव्हा नवजात कक्षात आठ वर्षं काम केलेली नर्स होते. पहाटे चार वाजता, नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून, मी तिला घेऊन बाहेर सोफ्यावर जाऊन बसले. पाजता पाजता माझा डोळा कधी लागला मला कळलं नाही. जाग आली तेव्हा ती माझ्या हातातून घसरून माझी मांडी आणि सोफ्याची गादी यांच्या फटीत गेली होती, तोंड गादीकडे. मी तिला ओढून काढलं तेव्हा ती रडली, आणि इतक्या आनंदाने मी ते रडणं कधीच ऐकलं नव्हतं. तिला काही झालं नाही. पण तेव्हापासून प्रत्येक घरात मी सोफा कुठे आहे ते बघते आणि रात्री तिथे बसून पाजू नका असं सांगते. सोफा आणि आरामखुर्ची या बाळासोबत झोप लागण्याच्या सर्वांत धोकादायक जागा आहेत. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था बाळाने वेगळ्या अंथरुणावर झोपावं असंच सांगते. पण पाजताना झोप लागण्याची शक्यता असेल तर सोफ्यापेक्षा पलंग कमी धोक्याचा, हेही तिने स्पष्ट म्हटलं आहे. त्या पलंगावर बाळाजवळ उशी, पांघरूण, मऊ गिरदी नको. आणि जाग आल्याबरोबर बाळ त्याच्या जागी ठेवायचं. जागा माणूस जवळ असणं याचसाठी मोलाचं, आणि पाळीचा खरा फायदा मला इथे दिसतो.

बाळाने कायम पाठीवर झोपायचं, दिवसाही, कोणाच्याही पाळीत. सपाट, घट्ट गादी, पाळण्यात दुसरं काही नाही, आईवडिलांच्या खोलीत. याच संस्थेने १९९२ मध्ये बाळांना पालथं झोपवू नका असा सल्ला दिला, १९९४ पासून त्याची देशभर मोहीम झाली, आणि पुढच्या दहा वर्षांत तिथे झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पालथं झोपवलं की बाळ लांब झोपतं, हे खरं आहे. पण तेव्हा ते सहजी जागं होत नाही, आणि धोका नेमका त्यातच असतो. दमलेल्या माणसाला तो मोह होतो, म्हणून सांगते.

तुम्ही भांडणाचं लिहिलंत आणि ती हल्ली सारखी रडते असंही लिहिलंत. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत येणारं रडवेलेपण साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. तुम्ही चौथ्या आठवड्यात आहात. ते निव्वळ थकव्यामुळे असू शकतं, पण मी एक खूण बघते: झोपायची सोय झाली आहे, बाळ दुसऱ्याकडे शांत आहे, तरीही तिचा डोळा लागत नाही, डोक्यात चक्र चालू राहतं. थकलेल्या माणसाला संधी मिळाली की झोप लागते. नैराश्यात आणि तीव्र चिंतेत ती लागत नाही. चार-पाच रात्री पाळ्या लावूनही ती तशीच असेल तर डॉक्टरांना भेटा. जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तयार केलेली एडिनबरो प्रश्नावली त्यासाठी जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांबद्दलचे दहा साधे प्रश्न असतात, पाच-दहा मिनिटांत होतात. साधारण १० ते १३ च्या पुढे गुण गेले की नीट तपासणी करतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल असतो, आणि त्याचं उत्तर ‘हो’ असेल तर बाकीचे गुण मोजत बसत नाहीत. त्याच भेटीत रक्तक्षय आणि थायरॉइड तपासायला सांगा. दोन्हींमुळे असा थकवा येतो आणि दोन्हींवर औषध आहे.

हे तुम्हालाही लागू आहे. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा सुमारे दहा टक्के वडिलांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली. बाप बहुधा रडत नाही, चिडतो आणि घराबाहेर जास्त वेळ काढू लागतो. आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत कोणी झोपेशिवायही ताजंतवानं दिसू लागलं, असंबद्ध बोलू लागलं, नसलेलं दिसू किंवा ऐकू येऊ लागलं, तर तो जागरणाचा परिणाम समजून थांबू नका. हजारात एक-दोन बायकांना होणारा तो गंभीर आजार असतो. त्याच तासाला रुग्णालयात न्यायचं आणि तोवर बाळ तिच्याजवळ एकटं ठेवायचं नाही.

बाळाच्या बाबतीतही रात्री काही गोष्टींना थांबायचं नसतं: ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, पिणं सोडून देणं, उठवूनही नीट जागं न होणं, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, ओठ निळसर दिसणं, हिरवी उलटी. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप सकाळपर्यंत बघू म्हणून सोडायचा नाही.

राहिलं तुमचं कामावर जाणं. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं की सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके ढिले पडतात. तुम्ही गॅस चालू ठेवून विसरलात, तोच माणूस उद्या स्टिअरिंगवर असणार आहे. म्हणून कामाच्या दिवसांत तुमची पाळी आधी ओढा: संध्याकाळी ८ ते १ बाळ तुमचं, १ ते ६ तुम्ही दुसऱ्या खोलीत, आणि सकाळी निघण्याआधीचा एक तास पुन्हा तुमचा, म्हणजे तिला आणखी एक डुलकी मिळेल. ज्या रात्री तुमचे सलग चार तास झाले नाहीत त्या सकाळी गाडी काढू नका. बस, रेल्वे, सहकाऱ्याची गाडी, जे मिळेल ते. वाटेत पापण्या जड झाल्या तर खिडकी उघडून किंवा गाणी लावून भागत नाही. गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं झोपा आणि पूर्ण जाग आल्यावर निघा. सुट्टीच्या दिवशी पाळ्या उलट्या करा, नाहीतर पहाटेचा जड भाग कायम तिच्याच वाट्याला येईल.

रुजू व्हायला दोन आठवडे आहेत, तेवढ्यात घडी बसेल. आज पहिली पाळी तुम्ही घ्या. तिने ९ वाजता पाजलं की तिचा फोन तुमच्याकडे ठेवा, तिच्या खोलीचं दार लोटा आणि कागदावर पहिली वेळ लिहा.